उठू नका, पडून राहा!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरपाशी बसायला बंदी होती. हा विषय मात्र त्याच्याही आधीपासून डोक्यात घोळतोय. लिहू की नको असं होत होतं. हे वाचणाऱ्यांत निम्मे तर घरचेच, आणि बाळंतपणाच्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नाहीत हे आमच्या पिढीला लहानपणीच शिकवलेलं. (पुरुष मंडळींनी पुढचं वाचलं तरी चालेल. नव्हे, वाचावंच.) जिची ही गोष्ट आहे त्या नातीला विचारूनच लिहिते आहे. "लिही आजी, फक्त माझं नाव घालू नकोस," म्हणाली.

तर २०२४ च्या पावसाळ्यात माझी नात बाळंत झाली. बाळाने दहा दिवस आधीच यायचं ठरवलं, त्यामुळे कोणीच जागेवर नव्हतं. नातजावई कामासाठी चेन्नईला, माझी लेक दुबईहून दुसऱ्या दिवशीच्या विमानाने येणार. घरात आम्ही दोघीच. रात्री एकच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. पोरगी शहाणी, घाबरली नाही. रात्रभर गॅलरीत फेऱ्या मारत होती. कळ आली की कठड्याला धरून वाकायची, कंबर डोलवायची, कळ गेली की पुन्हा चालायला लागायची. मध्येच चहा मागितला, दोन बिस्किटं खाल्ली. मी कौतुकाने बघत होते. सकाळी सातला आम्ही हॉस्पिटलात पोचलो.

हॉस्पिटल मोठं, खाजगी, नाव सांगत नाही. खाली कॉफीचं दुकान, दाराशी गणपती, सगळं चकाचक. लेबर रूममध्ये बरोबर एका बाईला जाऊ देतात, म्हणून मी आत गेले. तिथे दहा मिनिटांत पोरीचा अंगरखा बदलला, हाताला सलाईन लागलं, पोटावर दोन पट्टे आले. एक बाळाच्या ठोक्यांसाठी, एक कळा मोजायला. पट्ट्यांच्या वायरी मशीनला, आणि मशीन भिंतीला. सिस्टर म्हणाली, "आता उठायचं नाही हं. पडून राहा."

रात्रभर चालणारी पोरगी साडेसातला आडवी झाली ती झालीच.

तासाभराने तिने विचारलं, थोडं उठून बसू का? नाही, पट्टा सरकतो. बाथरूमला जाऊ का? नाही, भांडं देते. कुशीवर वळू का? वळा, पण ठोके नीट लागत नाहीत, परत उताणं व्हा. अकराच्या सुमाराला तिने माझा हात धरला. "आजी, झोपून कंबर तुटते गं. मला उभं राहू दे ना. तू सांग ना त्यांना."

आणि मी, तेहतीस वर्षं शाळेत मुलींना "प्रश्न विचारा" म्हणून शिकवणारी मी, काय म्हणाले? "बाळा, सिस्टर सांगतात ते ऐक. त्यांना जास्त कळतं."

तिने हात सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं. पुढे बराच वेळ ती माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी साडेसहाला सिझेरियन झालं. बाळाचे ठोके कमी होत होते, पिशवीचं तोंड पुरतं उघडत नव्हतं. बाळ आणि आई दोघं सुखरूप, त्याबद्दल डॉक्टरांचे आभार मी तेव्हाही मानले, आजही मानते. झोपवून ठेवलं म्हणूनच सिझेरियन झालं, असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, आणि कोणालाच कधी कळणार नाही. नातीचं दुःखही ते नाहीच. पणतू पाच महिन्यांचा झाला तेव्हा ती एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, "टाक्यांचं काही नाही गं आजी. पण मी उठू का म्हणून विचारलं, तेव्हा तू माझ्या बाजूची नव्हतीस."

हे वाक्य काही केल्या जात नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

मला जास्त लाज वाटली ती अशासाठी की मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचून नव्हे, अंगाने माहीत होतं.

माझं पहिलं बाळंतपण १९७२ सालचं. दुष्काळाचं साल, रेशनवर लाल मिलो मिळायचा तो काळ. रिवाजाप्रमाणे माहेरी गेले होते, तालुक्याच्या गावी एका लहानशा प्रसूतिगृहात नाव घातलं होतं. चार खाटा, एक डॉक्टरीणबाई आणि एक नर्सबाई. ह्या नर्सबाई म्हणजे काळ्यासावळ्या, ठेंगण्या, तोंडाने फटकळ. मी पोचले ती भीतीने खाटेवर आडवी झाले, तर ह्यांनी मला उठवलं. "निजायला आलीस होय? ऊठ, चाल. ते पोर काय आपणहून येणार आहे?" पुढच्या पडवीत मला चालायला लावलं. कळ आली की पडवीच्या खांबाला मिठी मारायची आणि त्या मागून कंबर दाबायच्या. चालून पाय दुखले की पाटावर बसवायच्या. मध्ये मध्ये लाकडी नळकांडं पोटाला लावून ठोके ऐकायच्या, घड्याळाकडे बघत. माझी आई शेजारी बसून होती, तिने कॉफी दिली. शेवटची पाऊण तास काय ती खाटेवर घेतली. दुखलं का? वाचकहो, दुखलं म्हणजे काय, आकाश फाटलं! पण त्या दुखण्यात मी काहीतरी करत होते. ते माझं काम होतं आणि मी ते करत होते.

दुसऱ्या खेपेला १९७६ मध्ये शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होते. लेबर रूममध्ये ओळीने टेबलं, मध्ये पडदा नाही. संध्याकाळी पाचला मला टेबलावर घेतलं, पाय वर करून पट्ट्यात अडकवले, आणि पहाटे तीनपर्यंत मी तशीच. सोबत कोणी नाही, घरचे सगळे जिन्याखाली. शेजारच्या टेबलावरची बाई ओरडली तर आयाबाई जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ज्या बायका अशा ठिकाणी जाऊन आल्या आहेत त्यांना ते वाक्य पाठ आहे. त्या रात्री दुखलं ते पहिल्या वेळेपेक्षा जास्त होतं का, हे मोजता येत नाही. पण त्या रात्री मी काही करत नव्हते. माझ्यावर काहीतरी केलं जात होतं.

म्हणजे दोन्ही प्रकार मी भोगलेले. आणि तरीही ऐन वेळी "सिस्टरचं ऐक" म्हणाले. असो. आता मुद्द्याकडे येते.

नातीचं ते वाक्य ऐकल्यावर मी माझ्या भाच्याला फोन केला. तो डॉक्टर आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे पण डॉक्टर. म्हटलं, मला ह्या विषयावर काय लिहिलंय ते वाचून दाखव आणि मराठीत समजावून सांग. बिचाऱ्याने चार रविवार दिले. त्यातून जे समजलं त्याने मी थक्क झाले, कारण हा वाद केव्हाच निकालात निघालेला आहे!

१९८५ साली ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात जागतिक आरोग्य संघटनेची बैठक झाली होती. तिथे स्पष्ट म्हटलं गेलं की बाईला कळांच्या वेळी आणि बाळंत होताना पाय टांगून उताणं ठेवू नये, तिला हिंडूफिरू द्यावं, आणि बाळंत होताना कसं बसायचं, कसं झोपायचं ते तिचं तिने ठरवावं. १९८५! माझी नात तेव्हा जन्मलीही नव्हती. पुढे २०१३ मध्ये कोक्रेनवाल्यांनी (हे लोक जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासतात) २५ अभ्यासांतल्या ५२१८ बायकांचा हिशेब मांडला. ज्या बायका कळांच्या पहिल्या टप्प्यात उभ्या होत्या, बसत होत्या, चालत होत्या त्यांचा तो टप्पा आडव्या असणाऱ्यांपेक्षा सरासरी एक तास बावीस मिनिटांनी कमी झाला. सिझेरियन कमी झाली, एपिड्युरलची गरज कमी लागली, आणि आईला किंवा बाळाला जास्त धोका झाला असं काही दिसलं नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणातल्या काळजीबद्दल ५६ शिफारशी काढल्या. त्यात धोका नसलेल्या बाईला चालू-फिरू द्या, उभं-बसतं राहायला प्रोत्साहन द्या, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्या, खाऊपिऊ द्या, हे सगळं आहे. नुसतं "परवानगी द्या" नाही, "प्रोत्साहन द्या" म्हटलंय. फरक लक्षात घ्या.

आणि कारणही काही अवघड नाही. सातव्या-आठव्या महिन्यापासून प्रत्येक गरोदर बाईला डॉक्टर काय सांगतात? उताणं झोपू नका, डाव्या कुशीवर झोपा. का? तर भरलेल्या पिशवीचं ओझं पाठीच्या कण्यापुढच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं, आईचं रक्त हृदयाकडे कमी परततं, बाळाकडेही कमी जातं. मग हेच डॉक्टर, हेच हॉस्पिटल, कळा सुरू झाल्या की तिला उताणं का निजवतात? रक्तवाहिन्या त्या दिवशी सुट्टीवर असतात काय? शिवाय बाळाला खाली यायचं असतं. उभ्या बाईच्या बाबतीत खाली म्हणजे खालीच. उकिडवं बसलं की ओटीपोटाखालची हाडांची वाट जरा रुंदावते, उताणं पडलं की माकडहाडावर सगळा भार येऊन ते मागे सरकायला जागा राहत नाही. हे शास्त्र आमच्या नर्सबाईंनी कुठे वाचलं होतं कोण जाणे.

बाय द वे, बाईला आडवं घालायची ही रीत सनातन वगैरे मुळीच नाही. फ्रान्समध्ये मोरिसो नावाचे एक नामांकित डॉक्टर होते. त्यांचा ग्रंथ १६६८ सालचा. त्या काळी तिकडेही बायका बाळंत होताना खास खुर्चीवर बसत, तर मोरिसोंनी त्याऐवजी बिछाना सांगितला. डॉक्टरला बघायला, हात घालायला, पुढे चिमटा लावायला सोयीचं. आणि ते पाय टांगून झोपवणं, त्याला डॉक्टरी भाषेत लिथॉटॉमी म्हणतात. भाच्याने त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मी हसू की रडू अशी झाले. लिथॉटॉमी म्हणजे मुतखडा कापून काढणं! जुन्या काळी मूत्राशयातला खडा काढायला रोग्याला ज्या अवस्थेत बांधत, त्या अवस्थेचं ते नाव. आपण बायका शतकानुशतकं मुतखड्याच्या रोग्याच्या आसनात मुलं जन्माला घालतोय आणि त्याला शास्त्रीय पद्धत म्हणतोय.

आता इथे कोणी तरी म्हणणार, "म्हणजे तुम्हाला जुनी सुईण आणि अंधारी खोली हवी का?" मुळीच नाही. माझी धाकटी मावशी घरीच बाळंत होताना गेली. अडली, रक्त थांबेना, बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं. आमच्या आजीने त्यानंतर पाच वर्षं गोड खाल्लं नाही. हॉस्पिटलातल्या बाळंतपणाने आमच्या लेकीसुना जगवल्या ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात शंभरातली फक्त ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ८९. महाराष्ट्रात तर जवळपास ९५. २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. हे यश लहान नाही. "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनी माझ्या मावशीच्या पोरक्या पोराला जाऊन ते सांगावं, आज तो एकाहत्तर वर्षांचा आहे.

माझं म्हणणं वेगळंच आहे. आपण बायकांना हॉस्पिटलात आणलं, ते चांगलं केलं. पण आणल्यावर त्यांना बांधून कशाला ठेवलं? जीव वाचवायला रक्ताची बाटली लागते, भूल देणारा डॉक्टर लागतो, ऑपरेशनची खोली लागते. बाई भिंतीला टेकून उभी राहिली म्हणून यातलं काय पळून जातं?

भाच्याशी ह्यावर माझं जोरदार भांडण झालं. तो म्हणाला, "मावशी, तू बाहेरून बोलतेस. ठोके सतत बघावे लागतात, उद्या काही झालं तर नातेवाईक काचा फोडतात, कोर्टात खेचतात. कागदावर आलेख पाहिजे." मी म्हटलं, बरं. मग त्यालाच वाचायला लावलं. धोका नसलेल्या बाईसाठी तेच २०१८ चे नियम म्हणतात की सतत पट्टे लावून ठेवायची शिफारस नाही. कळांनी जोर धरला की दर पंधरा ते तीस मिनिटांनी डॉप्लरने किंवा साध्या नळकांड्याने ठोके ऐकावेत. सतत पट्टे लावण्याचीही तपासणी झालेली आहे. त्याने नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण कमी होतं, हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण बाळं वाचण्यात फरक दिसला नाही, मेंदूच्या पक्षाघातात फरक दिसला नाही, आणि सिझेरियन मात्र वाढली. आणि ज्यांना पट्टे खरोखरच लागतात, त्यांच्यासाठी बिनवायरीची यंत्रंही निघाली आहेत. लॉबीत कॉफीचं दुकान काढता येतं तर एवढं नाही जमणार?

मग तो म्हणाला, "सरकारी दवाखान्यात जाऊन बघ. एक सिस्टर आणि सहा बायका. एक चालताना पडली तर?" हा मुद्दा मात्र खरा आहे. त्या सिस्टरवर माझा राग नाही, तिला मी नमस्कार करते. तिला सहा जणी एका नजरेत दिसायला हव्यात, म्हणून त्या ओळीत आडव्या हव्यात. पण मग तसं सांगा ना! म्हणा की आमच्याकडे माणसं कमी आहेत, म्हणून तुम्ही पडून राहा. "बाळासाठी पडून राहा" असं का सांगता? बाळाचं नाव घेतलं की कोणती आई तोंड उघडेल? आणि माणसं कमी असतील तर सोबतीला घरची बाई आत घ्यायची, ती धरून चालवेल. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत घ्यायला परवानगी दिली. डिसेंबर २०१७ मध्ये लेबर रूम सुधारायला 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रमही काढला, त्यात बाईला आदराने वागवायचं म्हटलंय. कागद सगळे आहेत. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने तर २०११ पासून खास प्रशिक्षित मिडवाइफ तयार केल्या, २०१७ पासून तेलंगण सरकारनेही त्यांच्या मदतीने हे प्रशिक्षण सुरू केलं. म्हणजे आपल्या देशात, आपल्याच हवेत, आपल्याच बायकांच्या बाबतीत हे होऊ शकतं.

काही बायकांना खरोखरच उठू देता येत नाही, हेही भाच्याने मला बजावून सांगितलं आणि ते मी इथे बजावून लिहिते, नाहीतर कोणी माझं वाचून भलतंच करेल. रक्त जात असेल, रक्तदाब खूप वाढून झटक्यांचं इंजेक्शन चालू असेल, पाणमोट फुटली आणि बाळाचं डोकं अजून वरच तरंगत असेल (नाळ खाली यायची भीती असते), एपिड्युरलने पायातलं बळ गेलं असेल, तर पडून राहायचं. तिथे डॉक्टरचा शब्द शेवटचा. अगदी बाळ बाहेर येतानाही उभं-बसतं असण्याचे फायदे आहेत तसा थोडा जास्त रक्तस्राव होण्याचा संभवही आहे, असं २०१७ च्या आढाव्यात आलंय. सगळं एकतर्फी नसतं. पण माझ्या नातीला यातलं काहीच नव्हतं. तिला पडून राहायचं कारण कोणी सांगितलंच नाही, कारण ते नव्हतंच. पट्टा सरकतो, हे कारण!

इथे मला माझी शाळा आठवते. पहिली दहा-बारा वर्षं मी वर्गात शिरले की म्हणायची, "हाताची घडी, तोंडावर बोट!" पंचावन्न मुली पुतळ्यासारख्या बसायच्या. मुख्याध्यापक येऊन म्हणायचे, "बाईंचा वर्ग बघा, टाचणी पडली तरी ऐकू येईल." मला वाटायचं मी छान शिकवते. पुढे एका शिबिरात आम्हा शिक्षकांनाच कोणीतरी तसं दहा मिनिटं बसवलं. दहाच मिनिटं! तेव्हा कळलं की हाताची घडी घालून काही डोक्यात जात नाही, फक्त बाईंना बरं पडतं. हे मुलींच्या शिस्तीसाठी आहे, त्यांच्या भल्यासाठी आहे असं मी त्यांच्या आयांना इतकी वर्षं सांगत आले होते, आणि मनापासून सांगत होते. मी वाईट नव्हते. दमलेली होते, मुली पंचावन्न होत्या. त्या लेबर रूममधली सिस्टरही वाईट नव्हती. म्हणून मला तिच्यावर चिडता येत नाही, पण तिचं म्हणणं मान्यही करता येत नाही.

आणि चिडायचंच तर मी घरच्यांवर चिडते. माझ्यासकट. आमच्या घरांत सुनेला, लेकीला हॉस्पिटलच्या दारात काय सांगतात? "डॉक्टरांशी उलट बोलू नकोस. आगाऊपणा करू नकोस. ओरडू नकोस, लोक काय म्हणतील." भाजी घेताना पेंडीमागे दोन रुपयांसाठी दहा मिनिटं हुज्जत घालणाऱ्या आम्ही. रिक्षावाल्याला मीटर दाखवायला लावणाऱ्या आम्ही. आणि ज्या ठिकाणी लाखभर रुपये मोजतो तिथे "हिला का उठायचं नाही?" एवढे चार शब्द तोंडातून फुटत नाहीत. डोहाळजेवणाला झोपाळा सजवतो, धनुष्यबाण देऊन फोटो काढतो, पाच भाज्या करतो. पण त्या पोरीला कळा आल्या की कशी उभी राहा, कुठे धर, कशी वाक, हे पाच मिनिटं कोणी शिकवत नाही. नाव घालायला जातो तेव्हा खोलीत एसी आहे का विचारतो. इथे कळांच्या वेळी चालू देता का, ठोके कशाने ऐकता, सोबत कोणाला आत घेता, हे विचारत नाही. नात नाव घालायला गेली तेव्हा मी बरोबर होते. मी पार्किंगचं विचारलं होतं!

परवानगी मागायची वेळ बाईवर का यावी, हा माझा प्रश्न आहे. पाय तिचे. ती घरून चालत आली. तिला झोपवायचं असेल तर झोपवणाऱ्याने कारण द्यावं, तिच्या भाषेत, तिच्या डोळ्यात बघून. कारण असेल तर ती निमूट पडून राहील. नऊ महिने जिने लोणचं सोडलं, ती बाळासाठी काहीही करेल हो. पण उठायची विनवणी तिने करायची आणि "पट्टा सरकतो" म्हणून तिने गप्प बसायचं, हे उलटं आहे.

हे सगळं मी नातीला वाचून दाखवलं. पणतू मांडीवर होता, त्याने माझा चष्मा दोनदा ओढला. ती म्हणाली, "आजी, मिलोचं ठेव, पण मोरिसो जरा कमी कर." कमी केलेला नाही. मग म्हणाली, "आणि पुढच्या वेळी?"

पुढची वेळ तिची नाही, माझ्या नातसुनेची आहे. तिला सातवा लागलाय. गेल्या मंगळवारी तिच्याबरोबर दोन हॉस्पिटलं बघून आले. पहिल्या ठिकाणी मी प्रश्न विचारल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, असं अजून कोणी विचारलं नव्हतं." दुसऱ्या ठिकाणी एक सिस्टर आम्हाला आत घेऊन गेली, लांब कॉरिडॉर दाखवला, भिंतीला धरायला दांडी आहे. मी ती दांडी हलवून बघितली, पक्की आहे. दिवस भरले की नातसुनेबरोबर आत मीच जायचं, असं तिने आणि मी ठरवलंय. मुलाचं म्हणणं पडलं, "आई, ह्या वयात तू कुठे रात्रभर उभी राहणार?" बघू. गुडघ्याचा पट्टा आहेच. दोघींसाठी रबरी तळाच्या, न घसरणाऱ्या चपला तेवढ्या आणायच्या राहिल्यात.